मास्तरांनी बेतलेली मथुरा

मास्तर, मला यायला उशीर झाला.

लोहाऱ्याच्या बाजाराला आपला फड उतरला होता. दुपारी राहुटीत केस वाळवत बसले होते, तेवढ्यात आपला ढोलकीवाला आत आला आणि मटकन खाली बसला. त्याच्या तोंडाकडं बघूनच मला कळलं, कुणीतरी गेलंय. कोण, ते मात्र मी विचारलं नाही. विचारलं नाही तोवर ते खरं होणार नाही असं वाटलं. मग त्यानंच सांगितलं. कळंबकडून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं त्याला सांगितलं होतं.

धाराशिवला गाडी बदलून तुमच्या गावात पोचले तेव्हा राख सावडून झाली होती. ओट्यावर तुमचं शिलाईचं मशीन तसंच होतं आणि त्याच्यावर कुणीतरी ओलं धोतर वाळत टाकलं होतं. ज्या मशीनवर तुम्ही साधा पाण्याचा तांब्या ठेवू दिला नाहीत, त्याच्यावर! मी ते धोतर काढलं, दोरीवर टाकलं, पदरानं मशीन पुसलं. मग मला रडू आलं. तोवर आलं नव्हतं.

ओसरीवर तुमचं चांगलं सांगणारी माणसं पुष्कळ होती. कुणी म्हणालं, सदऱ्याची अशी शिलाई पुन्हा कुणाला जमणार नाही. कुणी म्हणालं, मनानं सरळ माणूस, कधी कुणाच्या अध्यातमध्यात नव्हता. पण तुम्ही एके काळी फडात बाईचा पार्ट करायचात, तुम्ही उभे राहिलात की चार गावांची माणसं बैलगाड्या जुंपून यायची, हे एकानंही तोंडातून काढलं नाही. मेल्या माणसाची चूक झाकावी तसं त्यांनी ते झाकलं. मला बसवेना. तिथं काही बोलले असते तर कासावहिनींना आणखी त्रास झाला असता. म्हणून आता तुमच्याशीच बोलते.

मी फडात आले तेव्हा अठरा वर्षांची असेन. निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके उठत चालले होते आणि बार्शी-सोलापूरकडचे फड आपल्या मुलखात यायला लागले होते. त्यांच्यात बाया नाचायच्या. लोकांनी ते बघितलं आणि तुम्ही बोर्डावर आलात की मागून ओरडायला लागले, बाई आणा, बाई आणा. फडाचे मालक आबा. त्यांनी वर्षभर कान झाकून घेतले, मग माझ्या आईकडं आले. आई संगीतबारीत गायची, ती तेव्हा थकली होती. तिनं मला आबांच्या हाती दिलं.

तेरखेड्याला फडाचा मुक्काम होता. आबांनी मला तुमच्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, हिचं माप घ्या. तुमच्या पेटीत तो हिरवा शालू होता, जरीच्या काठाचा. मला आधीच लोकांनी सांगून ठेवलं होतं की गुणवंताचा जीव आहे त्या शालूत. शिंप्याच्या घरातला माणूस, स्वतःच्या हातानं काठ बसवलेला, रोज झटकून घडी घालणार. मी भ्यायले होते. वाटलं, हा माणूस मला टाचणी टोचणार, नाहीतर चोळी अशी शिवणार की मी हसं होऊन जाईन.

तुम्ही शालू काढला, माझ्या खांद्यावरून सोडला, दोन पावलं मागं जाऊन बघितलंत. मग कात्री घेतलीत. तुमच्या उंचीचा पन्हा मला पायात येत होता. तुम्ही खाली बसलात आणि सरळ कापत गेलात, कापडाचा आवाज मला अजून ऐकू येतो. कापता कापता म्हणालात, "ह्यो रंग मला कधी शोभलाच न्हाय. उगंच नेसत व्हतो."

तेव्हा मला ते खरं वाटलं, मास्तर. किती तरी दिवस खरं वाटत राहिलं. पुढं एका म्हातारबाबानं भूमच्या बाजारात मला सांगितलं की त्या हिरव्या शालूत गुणवंत आला की गॅसबत्ती कमी करा म्हणायचे लोक, उजेड जास्त होतोय म्हणून. तेव्हा कळलं, तुम्ही त्या दिवशी काय कापलं होतं.

त्यानंतर तुम्ही मिशी ठेवलीत आणि फडाचे मास्तर झालात. दसऱ्यापासून अक्षयतृतीयेपर्यंत आपण हिंडायचो आणि पावसाळ्यात तुमच्या या ओट्यावर पुढच्या हंगामाचे कपडे व्हायचे. लोकांना वाटतं, नाचणारीचा कपडा म्हणजे भडक रंग आणि चमचम टिकल्या. तुमचं तसं नव्हतं. कापड घ्यायचं तर तुम्ही दुकानदाराकडून वितभर तुकडा मागून आणायचात. घरी भर दुपारी खोलीची दारं-खिडक्या लावून आत गॅसबत्ती पेटवायचात आणि तो तुकडा माझ्या गळ्याशी धरायचात. खोलीत आपण दोघं घामानं भिजून जायचो. उन्हात सुंदर दिसणारा निळा त्या उजेडात काळा पडायचा. पिवळा पांढरा व्हायचा. वहिनी दाराबाहेरून विचारायच्या, आत काय भट्टी लावली का. तुम्ही म्हणायचात, रंग शिजतोय.

लोक तीन बाजूंनी बसतात, म्हणून तुम्ही पाठीला पुढच्याइतकंच जपायचात. चोळीच्या बगलेत कापडाचा एक चौकोनी तुकडा जास्तीचा घालायचात, त्यामुळं हात वर नेला तरी चोळी वर चढायची नाही. पदराला आतून बारीक शिशाच्या गोळ्या शिवायचात, म्हणजे गिरकी घेताना तो भिरभिरून तोंडावर यायचा नाही, आपल्या आपण गोल फिरून खाली यायचा. हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं कारण तुमच्या अंगानं ते भोगलं होतं. शिवून झालं की मला नेसवायचात आणि म्हणायचात, फिर. माझं फिरणं मनासारखं झालं नाही की ओट्यावर तुम्ही स्वतः फिरून दाखवायचात, धोतर-सदऱ्यात, तोंडात दोरा धरून. एवढंच. पुन्हा लगेच मशीनवर बसायचात. त्या एका गिरकीत मला दिसायचं ते काय होतं हे मी कधी बोलले नाही.

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्र झाला. आपला फड सोलापूरपर्यंत जाऊन आला. माझं नाव भिंतीवर मोठ्या अक्षरात लागायला लागलं. बाया सुद्धा लांबून माझ्या चोळीची बाही बघायच्या आणि गावातल्या शिंप्याला म्हणायच्या, मथुरेसारखी शिव. त्याला तुम्ही मनापासून हसायचात. मी कैकदा म्हणाले, आबांना सांगू का, खेळ सुरू व्हायच्या आधी तुमचं पण नाव घ्यायला. तुम्ही म्हणायचात, माझं नाव एकदा घेऊन झालंय.

आता येरमाळ्याचं सांगते. त्याच्यावर आपण दोघंही कधी नीट बोललो नाही.

चैत्रातली येडाईची जत्रा. सकाळी देवीपुढं प्रत्येक फडाची नाच-गाण्याची हजेरी असते, ती चुकवायची नाही असा आपला रिवाज. त्या वर्षी मला दोन दिवस ताप होता आणि सकाळी उठले तर घशातून आवाजच निघेना. उभी राहिले तर राहुटी फिरायला लागली. आबा म्हणाले, ढोलकी वाजवून नारळ फोडू, देवी समजून घेईल. पण त्यांचं तोंड उतरलं होतं. शेजारच्या फडांच्या ढोलक्या सुरू झाल्या होत्या.

आणि त्याच जत्रेला तुमच्या घरची सगळी आली होती. सुमनचं, तुमच्या मुलीचं, लातूरकडच्या एका घरात जमत आलं होतं. ती माणसं दर्शनाला येणार, तिथंच सुपारी फोडायची असं ठरलं होतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की मुलीचा बाप शिंपी आहे, फडाचे कपडे शिवतो. बाकीचं कुणी सांगितलं नव्हतं. वहिनी आणि सुमन त्यांच्याबरोबर देवळाकडं होत्या.

तुम्ही माझ्या पेटीतला डाळिंबी शालू आणि चोळी घेतलीत आणि कोपऱ्यात बसून पत्तीनं चोळीची शिवण उसवायला लागलात. मला वाटलं, काही दुरुस्त करताय. मग उठून बाहेर गेलात. परत आलात तेव्हा तुमच्या ओठावर मिशी नव्हती. जत्रेतल्या न्हाव्याकडून उतरवून आला होतात. तेव्हा मला कळलं.

घसा बसला होता तरी मी म्हणाले, "मास्तर, नको. पोरीची माणसं आलीत."

तुम्ही काष्ट्याची टोकं बघत होतात. म्हणालात, "देवीम्होरं जागा रिकामी ठिवायची न्हाय, मथुरे. तुझी बी न्हाय आन माझी बी न्हाय."

मी कनातीच्या फटीतून बघितलं. आधी लोक हसले. केस पिकायला लागलेला, कमरेत जाड झालेला माणूस लुगडं नेसून उभा, हसणारच. शिट्ट्या झाल्या. कुणी घाणेरडं ओरडलं. तुम्ही खाली मान घालून घुंगरांचा ठेका धरलात, कुणाकडं न बघता, जणू ते सगळे अजून आलेच नाहीत. मग मान वर केलीत आणि गवळण सुरू केलीत. ती मी रोज गात होते, मास्तर. रोज. आणि त्या सकाळी मला पहिल्यांदा कळलं की ती गवळण कशाबद्दल आहे. लोक गप होत गेले. पुढं बसलेले म्हातारे एकमेकांच्या मांडीवर हात मारायला लागले, हा तर गुणा, आपला गुणा. एका म्हाताऱ्यानं डोईचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. तुम्ही गिरकी घेतलीत आणि पदर गोल फिरून खाली आला, तुम्ही माझ्यासाठी शिवला होता तसाच. मला एवढा ताप होता पण मी बसले नाही.

तुम्ही माझ्यापेक्षा चांगले होतात. हे वाक्य इतकी वर्षं माझ्या तोंडाशी येऊन परत गेलं. सांगितलं तर तुम्हाला आनंद होईल की तुमची जखम उघडेल, हे मला ठरवता आलं नाही.

दुपारपर्यंत निरोप आला. लातूरची माणसं सुपारी न फोडता निघून गेली होती. मुलाचा बाप गर्दीत उभा होता म्हणे, कुणीतरी त्याला विचारलं, हे तुमचे होणारे व्याही काय. तुम्ही लुगडं सोडून, घडी घालून, तीच चोळी परत शिवायला बसला होतात. मी तुमच्या शेजारी जाऊन बसले. तुमच्या ओठाच्या वरची जागा पांढरी फटक दिसत होती. तुम्ही सुईत दोरा ओवला आणि म्हणालात, "पुन्हा तुझ्या मापाला आणाया पाहिजे."

त्यानंतर वहिनी वर्षभर तुमच्याशी बोलल्या नाहीत. हे मला फडातल्या लोकांकडून कळलं. तुम्ही एकदाच बोललात, परंड्याच्या वाटेवर ट्रकच्या मागं बसलो होतो तेव्हा. मी विचारलं नव्हतं. तुम्ही रस्त्याकडं बघत म्हणालात, "कासा घरात बोलत न्हाय. तिला लाज वाटली आसंल. तिचं बी खरंच हाय."

सुमनचं पुढं चांगलं झालं. एसटीतला कंडक्टर मिळाला, त्याच्या घरच्यांना सगळं आधी सांगून. ती काल ओसरीवर भेटली, पोर कडेवर होतं. नाक-डोळे तुमचेच आहेत तिचे. वहिनीही मग बोलायला लागल्या होत्या, जेवायला वाढलंय, चहा ठेवलाय, एवढं. पण तुमची पाठ त्या वर्षात वाकली ती वाकलीच. बोर्डाकडं तुम्ही पुन्हा बघितलं नाहीत. माझा खेळ चालू असताना तुम्ही राहुटीत काजं करत बसायचात.

आणि मग आपलं शेवटचं भांडण. भांडण तरी कसलं, मी एकटीच बोलत होते. यंदा तुम्ही फडाबरोबर निघणार नव्हतात, म्हणून दसऱ्याच्या आधी मी इथं आले होते, कपडे न्यायला. तुमचा खोकला तेव्हाच वाईट होता, पण तुम्ही म्हणालात, धुळीनं आहे. तुम्ही मला एक नवीन लुगडं दाखवलंत, मातकट तांबडं, रुंद काठाचं, आणि म्हणालात, नेसून बस. उभी राहू नको, बस. मी बसले. काठाची घडी तुम्ही अशी बेतली होती की मांडी घातल्यावर तो पुढं पंख्यासारखा पसरायचा. चोळीच्या बाह्या लांब होत्या. माझ्या लक्षात आलं. हा नाचायचा कपडा नव्हता. बसून गायचा होता.

मी चिडले. म्हणाले, मी म्हातारी झाले का, लोक मला बघायला येतात, बसलेली मथुरा कोण बघणार. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "येक दिस बसावंच लागतं. दुसऱ्यानं बसवायच्या आदी आपल्या मनानं बसावं. लई बरं आसतं ते."

तुम्हाला कुणी बसवलं होतं, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. तरी तुमच्या बोलण्यात कुठं टोचणी नव्हती, तुम्ही खरंच माझी काळजी करत होतात. मी ते लुगडं तिथंच ठेवून बाकीचे कपडे घेऊन निघाले. वाटलं, दिवाळीला येईन तेव्हा नीट बोलू. मी काय उत्तर देणार होते ते मला अजूनही माहीत नाही. कधी वाटतं तुमचं बरोबर, कधी वाटतं तुम्ही मला फार लवकर शहाणं करायला बघत होतात. तुम्ही असतात तर मी अजून चार वर्षं भांडले असते. तुमच्याशी भांडायला मला आवडायचं, मास्तर. माझ्या बापाशी मला भांडता आलं नाही, मी त्याला बघितलंच नाही.

काल दुपारी बाकीच्या बाया नदीकडं गेल्या. आतल्या खोलीत वहिनी आणि मी, दोघीच. आल्यापासून त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मला वाटत होतं, त्यांना माझं तोंड बघायची इच्छा नसणार. माझ्यामुळं तुमची जागा गेली, माझ्या तापामुळं सुमनचं मोडलं. मी निघते म्हणून उठायला लागले तर त्यांनी माझा हात धरला.

म्हणाल्या, "येरमाळ्याला तुमी आजारी व्हता तवा, म्या बी तिथं व्हते."

मी म्हणाले, माहीत आहे, देवळाकडं होता तुम्ही.

त्यांनी मान हलवली. त्या देवळाकडं नव्हत्या, मास्तर. ढोलकीचा आवाज ऐकून कुणीतरी म्हणालं, गुणा नाचतोय. सुमनला लातूरच्या बायकांपाशी ठेवून त्या पूजेचं सामान आणते म्हणून निघाल्या आणि गर्दीच्या मागं आल्या. पुढं सगळे गडी. दिसेना. तिथं टेकू लावून सोडलेली एक बैलगाडी होती, तिच्या जुवावर चढून, पदर तोंडावर ओढून त्या उभ्या राहिल्या.

"लगीन झाल्यापास्नं लोक सांगायचे, तुजा मालक आसा दिसतो, तसा दिसतो. म्या कधी बघितलंच नव्हतं. घरच्या बाईनं तमाशाला कसं जावं? त्या दिशी बघितलं. आदी मानसं हासली तवा मला वाटलं मरून जावं. मग गप झाली सगळी." त्यांनी माझा हात आणखी घट्ट धरला. "लई देखणे दिसत व्हते. मला वाटत व्हतं, वरडून सांगावं त्या मानसांना, ह्यो माझा मालक हाय म्हनून."

मी विचारलं, मग वर्षभर बोलला का नाही?

"पोरीचं मोडलं त्याचा राग व्हता. लई राग व्हता. नाचल्याचा न्हवता. ते दोन येगळं हाय की."

आणि मास्तरांना हे कधी सांगितलंत का?

"कसं सांगू? जुवावर चढून तमाशा बघितला म्हनून सांगू? राग गेला तवा लई दिस झाले व्हते. त्यांनी बी कधी इचारलं न्हाय." मग त्या रडायला लागल्या. गावातल्या बाया सांगत होत्या की कासाबाई तीन दिवसांत रडली नाही, दगडाची आहे. माझ्या मांडीवर डोकं ठेवून त्या पोरीसारख्या रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मला तुमचा राग येत होता. एकदा विचारायचं होतं, मास्तर. परंड्याच्या वाटेवर मला सांगितलंत तसं घरात एकदा बोलून बघायचं होतं. मग स्वतःचाही राग आला, कारण मी तरी काय विचारलं होतं, काय सांगितलं होतं? एका ओट्यावर, एका ट्रकमध्ये, एका राहुटीत इतकी वर्षं काढली आणि आपण सगळे आपापल्या मनात गप बसून राहिलो.

म्हणून हे सांगायला बसले. तुम्हाला ठाऊक नव्हतं, ठाऊक होऊ शकलं नाही. आता ऐकू जातं की नाही कोण जाणे, तरी कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं.

वहिनींना लाज वाटली नव्हती. जुवावर पाय घसरत होता, तरी शेवटची गिरकी होईपर्यंत त्या खाली उतरल्या नाहीत.